व्हिडिओ अडतो, दोष कुणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

‘मला नाही जमत ते.’ हे चार शब्द मी आमच्या घरात फार वेळा ऐकले आहेत. बँकेत स्लिप भरताना आई हेच म्हणते. कचेरीत अर्ज लिहिताना अण्णा हेच म्हणतात. आणि २०२० साल संपताना, फोनवरचा अकरावीचा धडा पाहता पाहता माझी ताईही हेच म्हणाली होती.

या लेखाचा विषय तसा साधाच आहे. ब्राउझरमध्ये व्हिडिओ नीट चालत नसेल तर काय करावे, एवढाच. शीर्षक वाचून कुणी नाक मुरडील. वार्षिकात कथा असाव्यात, कविता असाव्यात, एखादा प्रवास असावा. हे कसले दुरुस्तीचे प्रकरण! पण वाचकहो, आज आपल्या शिक्षणाचा बराचसा भाग याच चौकोनी खिडकीतून आपल्यापर्यंत येतो. ती खिडकी बंद झाली की धडा बंद होतो. अशा वेळी विद्यार्थी काय करतो? जो शहरात वाढला, ज्याच्या घरी दोन-तीन यंत्रे आहेत, तो म्हणतो, ‘काहीतरी बिघडलेले दिसते.’ आणि आमच्यासारखा, घरात पहिल्यानेच कॉलेजची पायरी चढलेला, म्हणतो, ‘माझेच काहीतरी चुकले.’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. माझे सारे म्हणणे त्या अंतराविषयी आहे.

प्रथम आमच्या संगणक-कक्षातील एक प्रसंग सांगते.

भूगोलाच्या सरांनी स्थलनिर्देशक नकाशावरचे एक व्याख्यान आपल्या फोनवर चित्रित करून कॉलेजच्या संकेतस्थळावर ठेवले होते. तास बुडालेल्यांची सोय व्हावी, हा त्यांचा चांगला हेतू. आम्ही आठ-दहा जण कक्षात जाऊन बसलो. व्हिडिओ सुरू केला. सरांचा आवाज खणखणीत आला, पण चित्राच्या जागी काळोख! सर म्हणत होते, ‘ही समोच्च रेषा नीट पहा. येथे रेषा जवळ जवळ आल्या आहेत, म्हणजे उतार तीव्र आहे.’ आम्ही काळोख नीट पाहत होतो. थोडा हशा झाला. कुणी म्हणाले, ‘हे खटारे आहे.’ कुणी म्हणाले, ‘नेट नाही.’ माझ्या शेजारची मुलगी मात्र हळूच म्हणाली, ‘मी कुठले बटण चुकीचे दाबले का गं?’ आणि हात मागे घेऊन बसली. काही वेळाने ती उठून गेली. ते पाहून मला एकदम ताईची आठवण झाली आणि मी तेथेच बसून राहिले.

कक्षात मदतनीस असलेले काका मोठे शांत गृहस्थ आहेत. ते म्हणाले, ‘घाई करू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते बघायचे.’ या एका वाक्याने मला जे शिकवले, ते पुष्कळ पुस्तकांनी शिकवले नव्हते.

आम्ही त्याच यंत्रावर दुसऱ्या ठिकाणचा एक व्हिडिओ लावला. तो चित्रासह चालला. म्हणजे यंत्र ठीक, नेटही ठीक. मग सरांचे व्याख्यान शेजारच्या यंत्रावर लावले. तेथेही काळोख. मग एका मित्राचा नवा फोन कॉलेजच्याच नेटला जोडून त्यावर तेच व्याख्यान लावले. तेथे सरही दिसले आणि नकाशाही! आता गंमत अशी झाली, की दोष आपल्या हातून निसटण्याऐवजी हळूहळू कोपऱ्यात सापडत चालला. नेट नव्हे, यंत्र नव्हे, सरांची फाइलही मोडलेली नव्हे. तर ती विशिष्ट फाइल आणि आमच्या कक्षातील जुने ब्राउझर यांचे काहीतरी जमत नव्हते.

पुढे ती फाइल उतरवून घेऊन आम्ही व्हीएलसी नावाच्या प्लेअरवर लावली. थोडे अडखळत का होईना, चित्र उमटले! त्याच प्लेअरमध्ये फाइलची माहिती पाहिली आणि उलगडा झाला. सरांचा फोन नवा होता. तो एच.२६५ नावाच्या पद्धतीने चित्रण साठवीत होता. ही पद्धत २०१३ साली प्रमाणित झाली. तिच्यात तशाच दर्जाचे चित्र जुन्या पद्धतीच्या जवळपास निम्म्या जागेत मावते, म्हणून नवे फोन ती वापरतात. त्याआधीची एच.२६४ ही पद्धत २००३ सालची. ती बहुतेक सर्व ब्राउझरांना कळते. आमच्या कक्षातील यंत्रांवर विंडोज ७ आहे. तिला तिच्या कर्त्यांनी दिलेला आधार जानेवारी २०२० मध्येच संपला, आणि क्रोम ब्राउझरची तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ वी. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेली ११० वी तिच्यावर चालतच नाही. अशा ब्राउझरला फाइलमधला आवाज उलगडता आला, चित्र उलगडता आले नाही. म्हणून आवाज आहे आणि काळोख आहे!

जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, हे व्हीएलसी १९९६ साली पॅरिसजवळच्या एका तंत्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मले. आपल्या वसतिगृहाच्या जाळ्यावर व्हिडिओ पाहता यावा, ही त्यांची गरज होती. २००१ पासून ते सर्वांना मोफत व खुले आहे. अडलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतःसाठी केलेली वस्तू आज आमच्या तालुक्याच्या गावी आमच्या उपयोगी पडली, याचे मला फार अप्रूप वाटले.

आम्ही सरांना जाऊन सांगितले. सरांनी आनंदाने फोनमधली मांडणी बदलली आणि व्याख्यान जुन्या पद्धतीत करून पुन्हा ठेवले. फाइल थोडी मोठी झाली, पण कक्षातील सगळ्या यंत्रांवर दिसू लागली. मात्र जी मुलगी हात मागे घेऊन उठून गेली होती, तिला मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम गाठून सांगितले, ‘तू कुठलेही बटण चुकीचे दाबले नव्हतेस.’ ती हसली खरी. पण मला वाटते, त्या आधी असे कितीतरी वेळा ती उठून गेली असेल.

आता व्हिडिओ आपल्यापर्यंत येतो कसा, ते थोडक्यात पाहू. कारण वाट माहीत असल्याखेरीज वाटेतला खड्डा सापडत नाही. व्हिडिओ एकसंध येत नाही. काही सेकंदांचे त्याचे तुकडे केलेले असतात. मोठ्या संकेतस्थळांवर तर एकाच व्हिडिओच्या बारीक-मोठ्या अनेक प्रती तयार असतात: १४४, २४०, ३६०, ४८०, ७२० अशा. हे आकडे म्हणजे चित्रातल्या आडव्या ओळींची संख्या. आपले नेट पाहून ब्राउझर योग्य प्रतीचे तुकडे मागवितो आणि पुढचे थोडे तुकडे शिदोरीसारखे जवळ बांधून ठेवतो. मग तो ते उलगडतो. चित्र पडद्याकडे जाते, आवाज स्पीकरकडे. शिदोरी संपली आणि पुढचे तुकडे पोचले नाहीत, की ते गोल चक्र फिरू लागते. म्हणजे अडथळ्याच्या जागा मोजून पाचच: जेथून व्हिडिओ येतो ते ठिकाण, वाटेतले नेट, ब्राउझर, आपले यंत्र, आणि शेवटी पडदा व स्पीकर. पाच जागा म्हणजे काही अथांग सागर नव्हे!

आमचे आबा, म्हणजे माझे चुलते, विहिरीवरची मोटर सुरू झाली नाही तर कपाळाला हात लावून बसत नाहीत. आधी लाईट आहे का ते बघतात. मग तिन्ही फेज आहेत का, फ्यूज गेला आहे का, स्टार्टर धरतो का, मोटर फिरूनही पाणी येत नसेल तर फुटव्हॉल्व्ह सुटला आहे का, पाइपाला गळती आहे का. आबा चौथीपर्यंत शिकले आहेत. त्यांना कुणी ही पद्धत पुस्तकातून शिकविली नाही. मग ज्या घरात मोटरचा दोष असा शोधला जातो, त्याच घरात फोनवरचा व्हिडिओ अडला की ‘आपल्याला नाही जमत’ का म्हणतात? कारण मोटर आपली वाटते. फोन आणि त्यातली इंग्रजी अक्षरे परकी वाटतात. माणूस परक्याच्या वस्तूला हात लावायला भितो. माझ्या मते खरी अडचण ही आहे. अज्ञान नव्हे, भीती.

तेव्हा ती भीती जाण्यासाठी, आम्ही कक्षात जे शिकलो ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, नेमके काय होते आहे ते बघावे. चक्र फिरते आहे? आवाज आहे, चित्र नाही? चित्र आहे, आवाज नाही? की एखादे इंग्रजी वाक्य उमटले आहे? ते वाक्य घाबरून पुसून टाकू नये. वहीत जसेच्या तसे उतरवून घ्यावे. पुष्कळदा उत्तर त्या वाक्यातच असते. उदाहरणार्थ, यंत्राचे घड्याळ मागे आहे असे ते सांगत असते. यंत्राची तारीख चुकलेली असेल तर ब्राउझरला सुरक्षित संकेतस्थळाची ओळख पटत नाही आणि पानच उघडत नाही. तारीख नीट केली की काम झाले! कधी नुकत्याच चढविलेल्या व्हिडिओवर अजून प्रक्रिया चालू असल्याची सूचना येते. तेथे आपण काही करावयाचे नसते, थोडे थांबावयाचे असते.

मग पान पुन्हा उघडावे. चक्रच फिरत असेल तर व्हिडिओच्या कोपऱ्यातील दातेरी चाकावर जाऊन बारीक प्रत निवडावी. चित्र थोडे पुसट दिसेल, पण शब्द कळतील. आपल्याला सिनेमा पाहावयाचा नाही, धडा समजावयाचा आहे.

तरीही अडले, तर खासगी खिडकी उघडावी. क्रोममध्ये तिला इन्कॉग्निटो म्हणतात. या खिडकीत ब्राउझरला जोडलेली उपकरणे, म्हणजे एक्स्टेन्शने, आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर चालत नाहीत, आणि पूर्वीची साठवणही वापरली जात नाही. तेथे व्हिडिओ चालला तर दोष त्या दोहोंपैकी एकात आहे असे समजावे. मग एक्स्टेन्शने एकेक करून बंद करावीत. जाहिराती अडविणारे एक्स्टेन्शन कधी कधी व्हिडिओलाही अडविते. नाही तर त्या संकेतस्थळाची जुनी साठवण काढून टाकावी. मात्र सगळ्याच संकेतस्थळांच्या कुकीज एकदम पुसू नयेत. मग जागोजागी पुन्हा पासवर्ड विचारला जातो आणि एका दुखण्याची दहा दुखणी होतात.

खासगी खिडकीतही चालला नाही, तर ब्राउझर जुना आहे का ते पाहावे आणि नवी आवृत्ती मिळत असेल तर घ्यावी. चित्र हिरवे, फाटलेले किंवा काळे दिसत असेल, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचे एक बटण असते. चित्र उलगडण्याचे काम त्यामुळे यंत्रातील चित्राच्या चिपकडे दिले जाते. ते बटण बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा आणि फरक पडतो का ते पाहावे. फरक न पडल्यास बटण पूर्ववत करावे. आमच्या वेळी फरक पडला नाही, पण त्यामुळेच एक शंका कायमची मिटली. ‘हे नव्हे’ हे कळणे हेही कळणेच असते.

आवाज येत नसेल तर त्या टॅबचा आवाज बंद आहे का, ब्लूटूथवरून तो दुसऱ्याच कुणाच्या कानात तर जात नाही ना, हे पाहावे. आणि पान उघडताच व्हिडिओ आपोआप सुरू झाला नाही म्हणून तो बिघडला असे समजू नये. २०१८ पासून क्रोम आवाज असलेला व्हिडिओ बहुधा आपल्या परवानगीवाचून सुरू करीत नाही. बटण दाबावे लागते, इतकेच.

शेवटी, काही दोष आपल्या हातचे नसतात हेही ओळखावे. जुने कितीतरी धडे फ्लॅश नावाच्या साधनावर बांधलेले होते. त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील मजकूर चालेनासा करण्यात आला. असा एखादा धडा समोर आला तर साठवण कितीही पुसली तरी ब्राउझर तो आपणहून चालविणार नाही. तेथे ज्याने तो ठेवला त्यालाच कळविणे योग्य. कळविताना ‘चालत नाही’ एवढेच लिहू नये. कोणते यंत्र, कोणता ब्राउझर, काय दिसले आणि आपण काय काय करून पाहिले, हे लिहावे. वैद्याला नुसते ‘बरे वाटत नाही’ म्हणून सांगितले तर तो तरी काय करणार?

आता ताईचे सांगते.

२०२० च्या अखेरीस ताईचे अकरावीचे धडे फोनवर येत होते. घरात फोन एकच, आणि तो अण्णांचा. अण्णा बाजार समितीत हमाली करतात. फोन दिवसभर त्यांच्या खिशात. दिवसभरात त्यावर शुभेच्छांची चित्रे, गाणी, काय काय येत राही आणि आपोआप उतरत राही. संध्याकाळी अण्णा आले की ताई फोन घेऊन ओसरीत बसे. धडा लावी. चक्र फिरे. ती तुळशीपाशी जाई, गच्चीवर जाई. रेंजच्या काड्या तर पुऱ्या दिसत. तरी चक्र फिरतच राही. मी तिच्या शेजारी बसत असे. मी १४ वर्षांची होते. मलाही वाटे, ताईला काही येत नाही.

आज मी ते गणित मांडू शकते. रोजचा ठरावीक डेटा संपला की पुष्कळ योजनांत नेट बंद होत नाही, त्याचा वेग ६४ किलोबिटांवर येतो. म्हणून रेंज पूर्ण दिसते. समजा, त्या धड्याला सेकंदाला ३२० किलोबिट लागत होते. म्हणजे एका मिनिटाचा धडा यायला पाच मिनिटे. धडा ४० मिनिटांचा. तो पुरा यायला २०० मिनिटे, म्हणजे ३ तास २० मिनिटे! दोष ताईचा नव्हता, फोनचा नव्हता, गावाचाही नव्हता. सायंकाळपर्यंत त्या दिवसाचा डेटा संपलेला असे, एवढेच. फोनमधले आपोआप उतरविणे बंद केले असते, किंवा अण्णा कामावर जाण्यापूर्वी पहाटे धडा पाहिला असता, तर तो बहुधा चालला असता. ही गोष्ट सांगायला दोन मिनिटे लागतात. आम्हांला ती सांगणारे कुणी भेटले नाही, आणि विचारावे हे आम्हांला सुचले नाही.

ताईने फेब्रुवारीत शाळा सोडली. केवळ चक्रामुळे सोडली, असे मी म्हणणार नाही. घरात पैशाची ओढ होती, आजीचे आजारपण होते. पण ती जाताना ‘परिस्थिती नाही’ असे म्हणाली नाही. ‘मला नाही जमत ते’ असे म्हणाली. परिस्थितीने शिक्षण सुटले तर माणूस पुन्हा उभा राहू शकतो. आपल्यालाच येत नाही, अशी समजूत झाली तर तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. हे नुकसान कोणत्याही पटावर नोंदले जात नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, जे कुणी आपल्यासाठी धडा ठेवतात त्यांनी तो आपल्या नव्या फोनवर नव्हे, तर कॉलेजातील सर्वांत जुन्या यंत्रावर आणि सर्वांत हळू नेटवर एकदा चालवून पाहावा. दुसरी, व्हिडिओबरोबर केवळ आवाजाची फाइल आणि दोन पानांची टिपणेही ठेवावीत. ज्याला चित्र मिळणार नाही, त्याला निदान शब्द तरी मिळतील. तिसरी, प्रथम वर्षाच्या आरंभी ग्रंथालयाची ओळख करून देतात तसा एक तास याचाही असावा. त्यासाठी बाहेरचा तज्ज्ञ नको. आमच्या कक्षातील काका पुरेसे आहेत.

कुणी म्हणतील, हे विज्ञानशाखेचे काम, कलाशाखेने यात का पडावे? माझे उत्तर असे, की इतिहासात आम्ही साधने तपासावयास शिकतो, तर्कशास्त्रात कारण आणि निमित्त वेगळे करावयास शिकतो. तीच बुद्धी येथे लागते. ती वर्गात वापरायची आणि यंत्रापुढे टाकून द्यायची, हे काही सुशिक्षितपणाचे लक्षण नव्हे.

२०२३ मध्ये ताईचे लग्न झाले. मागल्या दिवाळीत ती माहेरी आली तेव्हा मी तिच्यापुढे वहीत हे २०० मिनिटांचे गणित मांडले. ती बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘मला वाटलेलं, माझ्याच डोक्यात शिरत नाही.’ एवढेच म्हणून ती करंज्या तळायला गेली. बाहेरून बारावीला बसण्यासाठी तिने १७ नंबरचा फॉर्म भरावा, असा माझा हट्ट आहे. ती अजून हो म्हणालेली नाही. पण या वेळी ‘मला जमत नाही’ असेही म्हणालेली नाही. ‘बघू,’ म्हणाली आहे.

पुढल्या वर्षी या कॉलेजात येणाऱ्या माझ्या भावंडांना माझे एवढेच सांगणे, की चक्र फिरू लागले तर उठून जाऊ नका. आधी दुसरा व्हिडिओ लावून पाहा. मग दुसरे यंत्र. मग शेजाऱ्याला विचारा. आणि शेजारी मी असेन, तर मला खुशाल विचारा. दर शनिवारी दुपारी मी संगणक-कक्षात असते.